भोवऱ्याचं दुसरं टोक

मेहरूण, जळगाव
ता. २२ जानेवारी १९५६

ती. अभिमन नानांस,
मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

ख्यालीखुशाली मागाहून विचारीन. आधी एवढं सांगा, माझा बाप चोर कधीपासून झाला?

आईनं गावातल्या कौतिककडून पत्र लिहवून घेतलं. खालच्या फडातल्या वावरांना पाटाचं पाणी पोचत नाही, तिथला गहू पिवळा पडलाय, म्हणून पंचांनी आबांना बोलावून विचारलं की पाणी कोणाच्या वावरात सोडतोस. आबा गप्प राहिले. ते गप्प राहिले म्हणजे त्यांनी कबूल केलं, असं धरून तुम्ही ठरवून टाकलंत की आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सभेत, पाटकरी बदलायचा. आजोबांपासून आमच्या घरात पाटकऱ्याचं काम आहे. मोरी उघडायची, बंद करायची, ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं. आणि हे ठरवणाऱ्या पंचांत पहिलं नाव तुमचं!

नाना, मी तुम्हाला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त मानते. पोरीला शिकवून काय करायचंय असं गाव म्हणत होतं तेव्हा मला सायकलच्या दांडीवर बसवून धुळ्याच्या शाळेत नेणारे तुम्ही. आज मी इथे कन्याशाळेत गणित शिकवते आणि बाहेरून एम.ए.ला बसते आहे ती तुमच्यामुळे. म्हणूनच तुमच्याशी भांडायचा मला हक्क आहे. तो मी सोडणार नाही.

आता एक विचारते, हसू नका. बंधाऱ्याशी, पाटाच्या मोरीपुढे पाण्यात भोवरा पडतो, आसरांचा, पाण्यातल्या देवींचा भोवरा. लहानपणी आबा संध्याकाळी मोरी बंद करायचे आणि आम्ही पोरं भोवरा मरेपर्यंत काठावर बसायचो. आधी तो रुंद व्हायचा, मग सुस्त, मग नुसती एक सुरकुती राहायची. मोरी बंद झाली की तो अजून तसाच मरतो का? स्वतः जाऊन बघा आणि कळवा. भिकुकाकूंना नमस्कार.

आपली,
मंदा


पिंपळबारी
ता. ५ फेब्रुवारी १९५६

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं ओट्यावर दिलं तेव्हा चार माणसं बसलेली होती. जळगावहून मानलेल्या मास्तरीण पुतणीचं पत्र आलं म्हणून मी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला मला खोकला आला. बाकीचं घरात जाऊन वाचलं.

बेटा, झुलाल माझ्या लहानपणचा सोबती. त्याला चोर म्हणताना माझ्या जिभेला काटे आले. पण पंच म्हणून बसलो की सोबती बाजूला ठेवावा लागतो. नदीतून पाणी बंधाऱ्यात येतं, ते डोळ्यांना दिसतं. पाटात कमी उतरतं, तेही दिसतं. मधलं पाणी काय आकाशात गेलं? आणि त्याला विचारलं तर काय म्हणतो? "मी चोर नही शे. यान्हा पुढे मी कोनलेच काही सांगाव नही." अरे, सांगणार नाहीस तर आम्ही समजायचं काय? तोंड उघडलं असतं तर मी त्याची बाजू घेतली असती. तो उठून घरी गेला, आणि माझ्याकडे वळून बघितलंही नाही.

आता तुझा भोवरा. तुझ्या शब्दाखातर बघून आलो. औंदा तो मरत नाही. मोरी बंद असली तरी फिरतो. ताटाएवढाच आहे, पण मधोमध खोल खळी. संक्रांतीला आसरांना हार वाहिला, तेव्हाही मोरी बंदच होती, तरी भोवऱ्यानं अख्खा हार गिळला. लोक फार खूश झाले. आसरा जाग्या आहेत, कोणी तिथं काठी-बांबू घालू नये असं सगळ्यांनी ठरवलं. झुलालनंच पहिल्यांदा हात जोडले.

आणि कृपा आहेच. माझी चिंचेखालची विहीर दरसाल माघात तळ दाखवते. औंदा पायऱ्या बुडालेल्या आहेत. पाणी असं गोड की काकू चहाला तेच वापरते. मी पहिल्यांदाच ऊस लावला आहे. परीक्षा झाली की खायला ये.

तुझा,
अभिमन नाना


मेहरूण, जळगाव
ता. १२ फेब्रुवारी १९५६

ती. नानांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी वर्गात मुलींना दोनदा चुकीचं उदाहरण घातलं. इतका मला आनंद झाला.

माझ्या परीक्षेत एक पेपर वाहत्या पाण्याच्या गणिताचा आहे. त्यात भोवऱ्यांवर एक सबंध प्रकरण. आमचे हेडमास्तर विचारतात, कन्याशाळेतल्या बाईला भोवरे कशाला पाहिजेत? त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला देते.

भोवरा म्हणजे वरून दिसते ती वाटी नव्हे. ती त्याचं नुसतं तोंड. तिथून खाली पाण्यात एक फिरती दोरी गेलेली असते. आणि गणित सांगतं की ही दोरी पाण्यात मधेच तुटून लोंबकळू शकत नाही. तिचं दुसरं टोक कशाला तरी टेकलेलं असलंच पाहिजे, तळाला, भिंतीला, नाहीतर वळून पुन्हा वरती. कितीही लहान भोवरा असो, त्याला यातून सुटका नाही.

दुसरी गोष्ट. पुस्तकातल्या पाण्याला घर्षण नसतं. त्या पाण्यात भोवरा जन्मतही नाही आणि मरतही नाही, असला तर सदाचा असतो. पण आपल्या पांझरेचं पाणी पुस्तकातलं नाही. ते स्वतःशी घासतं, आणि घासून घासून भोवऱ्याला खाऊन टाकतं. म्हणून मोरी बंद झाली की आमचा भोवरा मरायचा. तुमचा मरत नाही, याचा अर्थ त्याला रोज कोणीतरी जेवू घालतंय. खाली कुठेतरी पाणी ओढलं जातंय. ओढलं जाणारं पाणी मध्याकडे येताना जोरात फिरतं. गोफणीची दोरी आखूड धरली की ती कशी भणाणते, तसं.

नाना, तुमच्या बंधाऱ्याला भोक पडलंय! पाणी आबा चोरत नाहीत, बंधारा गळतोय.

मोरी बंद असताना भोवऱ्यात गुलाल टाका आणि बंधाऱ्याखाली नदीच्या पात्रात माणसं उभी करा. लाल पाणी निघालं की आबांची माफी मागायची. मागाल ना?

आपली,
मंदा


पिंपळबारी
ता. ४ मार्च १९५६

चि. मंदास,
आशीर्वाद.

गुलाल टाकला. आसरांना गुलाल चालतो, त्यामुळे कोणी आडवं आलं नाही. अर्धं गाव जमलं. भोवऱ्यानं गुलाल ओढला, आणि खाली पात्रात आम्ही डोळे फाडून उभे. दुपार कलली. जिथे जिथे पाझर आहे तिथे बघितलं. लाल सोडा, गुलाबीसुद्धा काही निघालं नाही. कौतिक म्हणाला, "नाना, मास्तरीणबाईनं गनित बुडनं!" बठ्ठे हसले. तुझी आई झुंबरबाई तिथे उभी होती. ती पदर तोंडाला लावून निघून गेली. झुलाल आलाच नव्हता.

मीही हसलो, खोटं का सांगू. तुझं पुस्तक विलायती पाण्याचं. आमचं पाणी आम्हाला माहीत.

पंचांनी ठराव पक्का केला. आखाजीला नवा पाटकरी. तू आता हा विषय सोड. तुझ्या शिक्षणासाठी मी गावाशी भांडलो ते बापाची चूक झाकायला पुस्तकं वापरावीस म्हणून नाही. एवढं लिहिल्याबद्दल रागावू नकोस, आणि रागावलीस तरी चालेल.

अभिमन नाना


मेहरूण, जळगाव
ता. ११ मार्च १९५६

ती. नानांस,
सा. नमस्कार.

रागावले आहे. इतकी की पहिलं पत्र फाडलं, हे दुसरं.

चूक झाली ती मी सांगते, तुम्हाला शोधायला नको. मी घाईनं लिहून बसले की गुलाल नदीत निघेल. गणितानं तसं सांगितलंच नव्हतं. गणित म्हणतं, दोरीचं दुसरं टोक कशाला तरी टेकलं पाहिजे. कुठे टेकलं ते गणित सांगत नाही, ते माणसानं जाऊन बघायचं असतं. मी जळगावात खुर्चीवर बसून नदीकडे बोट दाखवलं. गाव माझ्यावर हसलं ते बरोबर केलं. पण माझ्या चुकीनं आबा चोर होत नाहीत. हसून झालं असेल तर पुढचं वाचा.

गुलाल गाळात अडकतो. मीठ अडकत नाही. ते पाण्यात विरघळतं आणि पाणी जाईल तिथे जातं.

बंधारा पार करून नदीत पाणी निघत नसेल, तर ते काठाच्या मुरमातून जात असेल. मोरी डाव्या काठाला. भोवरा डाव्या काठाला. डाव्या काठावर मोरीला सगळ्यात जवळची विहीर कोणाची? कोणाच्या विहिरीच्या पायऱ्या औंदा पहिल्यांदाच माघात बुडालेल्या आहेत? कोणी पहिल्यांदाच ऊस लावलाय?

तुम्हीच मला लिहिलंत, नाना. खुशीनं लिहिलंत, कारण तुमच्या मनात काही नव्हतं. तुम्ही चोर आहात असं मी म्हणत नाही. माझ्या बापाला म्हणताना तुम्ही जेवढा विचार केलात, त्याहून जास्त मी केला आहे.

भोवऱ्यात मीठ टाका. आणि मग काकूंच्या हातचा चहा प्या.

मंदा


(पोस्टकार्ड)
पिंपळबारी
ता. २० मार्च १९५६

चि. मंदा हीस,
तुझं पत्र मिळालं. ज्या हातानं तुला पाटी दिली त्याच हातावर तू चिखल उडवलास. माझ्या वडिलांनी खोदलेली विहीर आहे ती. यापुढे या विषयावर मला लिहू नये. परीक्षेसाठी आशीर्वाद.
अ. नाना


मेहरूण, जळगाव
ता. २२ एप्रिल १९५६

ती. नानांस,
सा. नमस्कार.

लिहू नये म्हणालात, तरी लिहिते. महिनाभर गप्प राहून बघितलं. आबांसारखं गप्प राहणं मला जमत नाही.

आईचा निरोप आला. मोरीच्या कामाखेरीज आबा आता नदीकडेही जात नाहीत, पाणक्यासारखी घागर आईच आणते. देवळात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते. ते कोणाला काही बोलत नाहीत आणि कोणाकडे काही मागत नाहीत. असा माणूस मोडला तर आवाजसुद्धा होणार नाही, नाना.

माझी परीक्षा पुण्याला आहे. शेवटचा पेपर आखाजीच्या आदल्या दिवशी, आणि तो नेमका पाण्याच्या गणिताचा. त्या दिवशी पुण्यात असले तर आखाजीच्या सभेला पोचत नाही. म्हणून पेपर सोडते आहे. भोवऱ्यावर कागद काळे करून पास होण्यापेक्षा गावच्या भोवऱ्यात मीठ ओतून नापास झालेलं मला परवडेल. मिठाची पोती घेऊन धुळ्याच्या मोटारीनं येईन. बांबू घालू नका म्हणून ठरलंय, मिठाबद्दल काही ठरलेलं नाही. मला कोणी अडवलं तर मी त्याच्यासकट पाण्यात उतरेन. अडवणारे तुम्ही असलात तरी.

मंदा


पिंपळबारी
ता. २ मे १९५६

चि. मंदास,

येऊ नकोस. पेपर दे. मीठ माझ्याकडेही आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्यानं बैलगाडीत पोती टाकली आणि भोवऱ्यात रिकामी केली. तुला खोटं पाडायला, हे स्पष्ट लिहितो. मग घरी येऊन विहिरीवर मोट जुंपली. मोटेमागून मोट पाणी चाखत होतो. गोड. गोड. गोड. माझ्या मनात तुला लिहायचं पत्रसुद्धा तयार झालं, मोठं फर्मास.

दुपारी काकूनं चहा केला. पहिला घोट तिनंच घेतला आणि म्हणाली, "अहो, चहामा मीठ कोनी टाकं?"

मी बाहेर जाऊन थारोळ्यातलं पाणी ओंजळीनं प्यायलो. मग आणखी एक ओंजळ. काकू दारातून बघत होती. गावात ही गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि आता तुला. गप्प बसलो असतो तर तुझा बाप गप्प बसतो त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

पेपर सोडलास तर याद राख. सायकलवर बसवून पुन्हा शाळेत नेईन, एवढी मोठी झालीस तरी.

अभिमन नाना


पिंपळबारी
ता. ३० मे १९५६

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

पेपर सोडला नाहीस हे कळलं. काकूनं लगेच आसरांना हळदकुंकू वाहिलं. आता आखाजीचं ऐक.

सकाळी फडातल्या सगळ्या शेतकऱ्यांना बंधाऱ्यावर बोलावलं. म्हटलं, आज सभा दोन ठिकाणी आहे, पहिली इथे आणि दुसरी माझ्या विहिरीवर. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोती भोवऱ्यात ओतली. कौतिकला वाटलं मला ऊन लागलं. मग सगळे चिंचेखाली आले. मोट चालू ठेवली. पितरांची घागर काकूनं पहाटेच नदीवरून भरून ठेवली होती, ती म्हणाली मेलेल्यांना खारं पाजू नका, जित्यांना काय पाजायचं ते पाजा. पुरणपोळीची जेवणं तिथेच झाली आणि पंगत उठल्यावर मी स्वतः तांब्या घेऊन फिरलो. म्हटलं, आधी पाणी प्या, ठराव मग.

पहिला घोट कौतिकनं घेतला आणि थुंकला. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. बठ्ठे माझ्याकडे बघायला लागले. मी मोठ्यानं सांगितलं की खालच्या फडाचं पाणी गेली दोन पिकं माझ्या विहिरीत येतंय, माझा ऊस त्यावर उभा आहे, आणि झुलालला मी चोर म्हणालो. नवा पाटकरी नेमायचा असेल तर आधी नवा पंच नेमा. कोणी तरी म्हणालं, नाना, तुम्हाला काय माहीत होतं? मी म्हटलं, झुलाललाही काय माहीत होतं? त्याला आपण असं म्हणालो का?

झुलाल त्या दिवशी आला होता. सगळ्यात मागे बसला होता. मी त्याच्यापुढे पागोटं काढून ठेवलं. त्यानं ते उचलून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "ऊन शे नाना, डोकं झाका." एवढंच. तुझी आई मात्र मोठ्यानं रडली आणि कौतिकला नाव घेऊन शिव्या दिल्या. तिला कोणी अडवलं नाही.

भोक बुजवायला कोणी पुढे होईना. आसरांच्या भोवऱ्यात पाय कोण घालणार? झुलालनंच धोतर खोचलं, हात जोडले आणि उतरला. पायानं चाचपून मोरीच्या बाजूला दगडांमध्ये त्याला कपार सापडली. मीही उतरलो. काळी माती तागाच्या पोत्यांत भरून आम्ही दोघांनी ठासली. शेवटचं पोतं बसलं आणि भोवरा रुंद झाला, मग सुस्त, मग नुसती सुरकुती. तू लिहिलं होतंस अगदी तसं. काठावर सगळी पोरं बसून बघत होती.

ठराव रद्द झाला; पाटकरी झुलालच राहिला आणि पंचही मलाच ठेवलं. खालच्या फडाला पाणी पोचलं. माझ्या विहिरीनं पंधरवड्यात तळ दाखवला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. ऊस वाळतोय. काल मी फावडं घेऊन पाटावर गेलो. म्हटलं, झुलाल, एवढ्या एका सरीला पाणी सोड, माझी पाळी येईपर्यंत तग धरेल. तो मोरीवर बसला होता. उठलाही नाही.

"नाना, तुमनी पाळी सोमवारले शे."

म्हटलं, अरे, मी मुख्य पंच आहे. आखाजीला तुझ्यापुढे पागोटं ठेवलं मी.

"म्हनीसनच सांगस. मी पानी चोरस नही, अन कोनले चोरू देस नही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथे उभा राहून त्याला वाट्टेल ते बोललो. तो ऐकून घेत होता आणि बिडी ओढत होता. शेवटी फावडं खांद्यावर टाकून परत आलो. काकूनं विचारलं, मिळालं का पाणी? मी म्हटलं, नाही. आणि मंदा, मला हसू आलं ते थांबेना. काकूला वाटलं मला खरंच ऊन लागलं.

सोमवारपर्यंत ऊस टिकला तर खायला ये. नाही टिकला तरी ये.

तुझा,
अभिमन नाना